निक्सी ट्यूब स्वस्तात कशा पेटवायच्या? नागपूरच्या बर्डी बाजारातल्या मालात होईल का?

धंतोलीची_ऋतुजा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार आयएन-१२ निक्सी ट्यूब आल्या आहेत. सोव्हिएत काळातला, न वापरलेला जुना साठा. तास-मिनिटांचं घड्याळ करायचंय. ट्यूबमध्येच बरेच पैसे गेले, आता ड्रायव्हरवर, म्हणजे ट्यूब हाकणाऱ्या सर्किटवर, पुन्हा तेवढेच घालायची तयारी नाही.

ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी: काचेत निऑन वायू, त्यात एकामागे एक रचलेले तारेचे दहा आकडे (कॅथोड) आणि समोर बारीक जाळीचा ॲनोड. ज्या आकड्याची तार ग्राउंडला जोडाल त्याच्याभोवती नारिंगी प्रकाश धरतो. बरोज कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणल्या. पुढे एलईडी स्वस्त झाल्यावर मागे पडल्या. पेटायला १७० व्होल्टच्या आसपास लागतात, पेटल्यावर १४० च्या आसपास स्थिरावतात. करंट दोन-अडीच मिलिअँपियर. आयएन-१२ मधला ५ म्हणजे उलटा ठेवलेला २ आहे, तेही बघण्यासारखं आहे.

आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि डीएस३२३१ (वेळ राखणारी आरटीसी आयसी) घरात आहेत. प्रश्न दोनच. १७०-१८० व्होल्ट कुठून आणायचे? आणि पाच व्होल्टच्या पिनने तेवढ्या व्होल्टेजवरचा आकडा चालू-बंद कसा करायचा? जिथे बघावं तिथे ७४१४१ किंवा तिची रशियन बहीण के१५५आयडी१ वापरा असं लिहिलेलं असतं. ती आयसी नव्याने बनत नाही, आणि चार नग बाहेरून मागवायचे तर टपालखर्चच अंगावर येतो. बर्डीत मोदी नंबर तीनच्या गल्लीत मिळणाऱ्या मालात हे व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

सदरकर
वाचतोय. माझ्याकडेही जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरमधून काढलेल्या दोन पडून आहेत.

टीव्हीवाले_काका
ऋतुजा, मत बरोबर आहे तुझं. आयसी नाही मिळाली तर अडतं कुठे? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या छोट्या पीसीबीवर व्हिडिओ आउटपुटचे ट्रान्झिस्टर असायचे. बीएफ४२२ वगैरे, २५० व्होल्टचे. तेच काम आहे हे. नवीन घ्यायचे तर एमपीएसए४२ माग, ३०० व्होल्टचा येतो. तो नाही म्हणाला दुकानदार, तर २एन५५५१ माग, १६० व्होल्टचा. तो नाही असं दुकान मी पाहिलं नाही. प्रत्येक आकड्याला एक ट्रान्झिस्टर, बेसला १० के (किलोओहम) रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला. झालं.

एक जपायचं. बीसी५४७ ची चपटी बाजू समोर धरली तर पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर. या दोघांची एमिटर-बेस-कलेक्टर. हाताला ५४७ ची सवय असते, म्हणून पहिला लावण्याआधी मीटरवर तपास.

वऱ्हाडी_ओम
काका, मग बीसी५४७ च काहून नाही लावायचा? घरात डबाभर पडून आहेत न.

टीव्हीवाले_काका
४५ व्होल्टचा आहे तो, ओम. इथे १८० आहेत.

कॅथोड_फॉलोअर
काका, थोडं वेगळं बोलतो. ओमचा प्रश्न दिसतो तितका चुकीचा नाही, आणि या धाग्याची किल्ली त्यातच आहे.

सप्लाय १८० चा असला तरी स्विचवर, म्हणजे आकडा चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर, १८० कधीच येत नाहीत. एक आकडा पेटलेला असताना ॲनोड १४० च्या आसपास बसलेला असतो, उरलेले चाळीसएक व्होल्ट ॲनोड रेझिस्टर खातो. न पेटलेले आकडे त्याच वायूत बुडालेले असतात. त्यांना मोकळं सोडलं तर ते मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर तरंगतात. आता सगळेच आकडे बंद केले तर? बंद स्विचवरचं व्होल्टेज चढू लागतं, पण ते चढतं तसं ट्यूबवरचं उतरतं. ट्यूब तग धरू शकणार नाही इतकं उतरलं की ती विझते आणि करंट थांबतो. पुढे चढायला कारणच उरत नाही. म्हणजे स्विचला सोसावे लागतात ते सप्लायमधून ट्यूबचं विझण्याचं व्होल्टेज वजा करून उरणारे. १८० वजा १२० धरले तर साठ.

७४१४१ च्या आउटपुटची हद्द साठच्या आसपासच आहे. साधी टीटीएल (पाच व्होल्टच्या लॉजिकची) आयसी १८० व्होल्टची ट्यूब हाकते ती याच हिशोबावर. म्हणूनच सप्लाय उगाच २२०-२५० पर्यंत चढवू नये. चढवला की हिशोब मोडतो आणि विझवलेली ट्यूब मंद जळत राहते.

बीसी५४७ चे ४५ या हिशोबात कमी पडतात. तो पन्नास-साठच्या घरात गळायला लागतो, मग नको त्या आकड्यांभोवती निळसर धुकं दिसतं. करंट रेझिस्टरने बांधलेला असल्याने बहुतेक वेळा मरत नाही, पण घड्याळ नीट वाचता येत नाही. बीसी५४६ मात्र ६५ व्होल्टचा आहे. तो चालतो, मी चालवलाय.

टीव्हीवाले_काका
पटलं. तरी मी ५५५१ च लावीन. किमतीत फरक नाही, मग काठावर कशाला उभं राहायचं?

वऱ्हाडी_ओम
बाप्पा! हे कॉलेजात कोणी असं सांगितलंच नाही. धन्यवाद सर.

मेकर_मनीषनगर
मी वेगळ्या मताचा आहे. एचव्ही५६२२ घ्या. एकाच आयसीत ३२ आउटपुट, प्रत्येक २०० व्होल्टच्या वर सोसणारं, आतच शिफ्ट रजिस्टर (एकाच तारेवरून एकामागे एक आलेले बिट आउटपुटांवर मांडणारं). तीन-चार तारा गेल्या की काम संपलं. चाळीस ट्रान्झिस्टर सोल्डर करण्यात दोन रविवार घालवण्यापेक्षा बरं. वेळेची किंमत धरली तर तेच स्वस्त.

धंतोलीची_ऋतुजा
@मेकर_मनीषनगर, ती आयसी मी पाहिली होती. दोन अडचणी आहेत. तिचं लॉजिक १२ व्होल्टचं, म्हणजे नॅनोच्या पाच व्होल्टमध्ये आणि तिच्यामध्ये लेव्हल शिफ्टर आला. आणि ४४ पायांची ती बारीक आयसी झीरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डावर) बसत नाही, म्हणजे वेगळा बोर्ड छापून घेणं आलं. एक आयसी मेली तर सगळं घड्याळ आंधळं. ट्रान्झिस्टर मेला तर एक आकडा जाईल आणि तो मी त्याच संध्याकाळी बदलीन.

मेकर_मनीषनगर
शिफ्टरचं काम एक सीडी४५०४ करते. पण झीरो पीसीबीचा मुद्दा मान्य.

जरीपटका_जुगाड
एवढं कशाला करून राहिले तुम्ही लोक? घरात २३० आहेच. एक ब्रिज, एक कंडेन्सर, मोठा रेझिस्टर. सप्लायचा खर्च शून्य.

टीव्हीवाले_काका
नाही. हे करायचं नाही.

२३० ब्रिजमधून काढले की कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी उभे राहतात. पण आकडा ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट ही की सगळं सर्किट मेनला जोडलं जातं, ग्राउंडसकट. त्या नॅनोला प्रोग्रॅम बदलायला यूएसबी लावली की लॅपटॉपच्या बॉडीवर लाइन आली. बटणाचा पाय जिवंत, आरटीसी जिवंत. मी आयुष्यभर हॉट चासिसचे टीव्ही उघडले आहेत, दुकानात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवून. घरात टेबलावर ठेवायच्या, लहान पोरं हात लावतील अशा वस्तूत हे नको.

जरीपटका_जुगाड
काका, घरात आरसीसीबी आहे न ३० मिलिअँपियरची. ट्रिप होईल.

कॅथोड_फॉलोअर
ती ट्रिप होते अर्थकडे करंट गळला तर. दोन्ही हात सर्किटच्या दोन टोकांवर पडले तर गेलेला आणि आलेला करंट सारखाच, तिला काही कळत नाही. हीच गोष्ट आयसोलेटेड १८० व्होल्टलाही लागू आहे. तिथे तर आरसीसीबीचा संबंधच येत नाही. म्हणून चालू सर्किटला हात लावायचाच झाला तर एकच, दुसरा खिशात.

जरीपटका_जुगाड
बरं, समजलं. माझा एक दिवा अशाच जोडणीवर आहे, तो आजच काढतो.

रामटेककर
ट्रान्सफॉर्मरचा रस्ता कोणी सांगितला नाही अजून. दोन छोटे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ. पहिला २३० चे ९ करतो, दुसरा १२ चा, उलटा जोडायचा. आदर्श हिशोबाने १७० च्या वर एसी, ब्रिजनंतर २४० च्या आत-बाहेर डीसी, प्रत्यक्षात गळती धरून बरंच कमी. ॲनोड रेझिस्टर त्याप्रमाणे मोठा घ्या. आयसोलेशन मिळतं, स्विचिंगचा आवाज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. माझं घड्याळ असंच चालतं.

धंतोलीची_ऋतुजा
रामटेककर, रेडिओजवळ ठेवायचं असतं तर हेच केलं असतं. पण दोन ट्रान्सफॉर्मर म्हणजे पेटी केवढी होईल! शिवाय महावितरणचं व्होल्टेज उन्हाळ्यात संध्याकाळी उतरतं तसे आकडेही उतरणार.

कॅथोड_फॉलोअर
शिवाय २४० डीसी म्हणजे वरचा हिशोब मोडला. २४० वजा १२०, स्विचवर १२०. ५५५१ सोसेल, ५४६ नाही.

बूस्ट कन्व्हर्टर करा, म्हणजे कमी डीसी व्होल्टेज चढवणारं सर्किट. त्याची आयसी एमसी३४०६३ कुठेही मिळते. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. चार ट्यूब, प्रत्येकी दोन मिलिअँपियर, म्हणजे दीड वॅटसुद्धा नाही. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तरी १२ व्होल्टवर पाव अँपियरच्या आत भागतं.

आयसीचा आतला स्विच ४० व्होल्टचाच, म्हणून बाहेर जास्त व्होल्टचा मॉसफेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) लागतो. आयआरएफ७४० किंवा ८४०. इंडक्टर १०० ते २२० मायक्रोहेन्री, एक अँपियरला सॅच्युरेट न होणारा. रेझिस्टरसारखे दिसणारे हिरवे बारके इंडक्टर इथे तापून जातात. डायोड यूएफ४००७ किंवा एफआर१०७. साधा १एन४००७ नको, तो बंद व्हायला इतका वेळ घेतो की या फ्रिक्वेन्सीवर नुसता तापतो. फीडबॅकला वर ३३० के दोन सीरिजमध्ये, खाली ४.७ के. आयसीचा संदर्भ १.२५ व्होल्ट, त्यामुळे आउटपुट १७७ च्या आसपास येतं. दोन रेझिस्टर मुद्दाम, एकट्यावर पूर्ण व्होल्टेज नको.

मॉसफेट हाताला चटका देत असेल तर बहुधा गेट लवकर रिकामं होत नाही. ही आयसी गेट वर ओढते, खाली ओढायला तिच्यात काही नाही. गेटपाशी एक पीएनपी ट्रान्झिस्टर आणि एक डायोड घाला, थंड होतो.

१७७ वजा १४०, उरले ३७. अठरा के ॲनोड रेझिस्टर, दोन मिलिअँपियर. आउटपुट कंडेन्सरवर ४७० के कायमचा आडवा टाका, म्हणजे बंद केल्यावर चार-पाच सेकंदांत रिकामा होतो.

सदरकर
हा प्रतिसाद छापून टेबलावर लावतो.

प्राची_एम्बेडेड
विषयांतर आहे, पण शिकणाऱ्यांसाठी सांगते. निक्सीवर हात बसवण्याआधी टेस्टरमधल्या निऑनवर बसवा. प्रत्येक घरात असतो, वायू तोच, वागणूक तीच, आधी चढ्या व्होल्टेजला पेटणं आणि मग खाली उतरून स्थिरावणं. तो गेला तर दहा रुपये गेले.

आणि उच्च व्होल्टेजची भीतीच वाटत असेल तर व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लोरोसंट डिस्प्ले) करा. बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरची पुढची पट्टी काढा. हिरवट-निळा डिस्प्ले, बऱ्याचदा शेजारीच त्याची ड्रायव्हर आयसी पीटी६३१२ असते, तीन तारांवर बोलते. पंचवीस-तीस व्होल्टमध्ये काम होतं.

वऱ्हाडी_ओम
व्हीएफडी मस्त असते ताई, पण निक्सीचा नारिंगी रंग तिला नाही न.

प्राची_एम्बेडेड
ते खरंच आहे.

भंगार_ते_बंगला
स्वस्ताचा धागा आहे आणि सीएफएलचं नाव कोणी घेत नाही! एलईडी आल्यापासून प्रत्येक घरात मेलेल्या सीएफएल पडून आहेत. नळी न फोडता, आत पारा असतो, खालचा बोर्ड काढा. त्यावर १३००१ किंवा १३००३ ची जोडी मिळते, ४०० व्होल्टचे एनपीएन. शिवाय ४०० व्होल्टचा एक कंडेन्सर, बऱ्याचदा ४.७ मायक्रोफॅरडचा, जो या सप्लायला अगदी जुळतो. चोक मात्र घेऊ नका, ती मिलिहेन्रीत असते. १३००१ चे पाय कंपनीगणिक बदलतात, प्रत्येक मीटरवर तपासा. गेन कमी असतो, म्हणून बेसला १० के ऐवजी ४.७ के.

टीव्हीवाले_काका
कंडेन्सर सीएफएलमधला घेताना बघून घ्यावा. तिथे तो वर्षानुवर्षं भाजलेला असतो. डोकं फुगलेलं असेल तर टाकून द्या.

मेकर_मनीषनगर
मल्टिप्लेक्सिंगचं काय, म्हणजे ट्यूब भराभर पाळीपाळीने पेटवणं? दहा कॅथोड स्विच आणि चार ॲनोड स्विच, अर्ध्या भागांत घड्याळ.

कॅथोड_फॉलोअर
मोजून बघू. प्रत्येक ॲनोडला एक पीएनपी आणि त्याचा बेस खाली ओढणारा एक एनपीएन. चार ट्यूबचे आठ, अधिक दहा, अठरा झाले. थेट जोडणीत तासाच्या दशकाला ०, १, २ पुरतात, मिनिटाच्या दशकाला ० ते ५. म्हणजे ३ + १० + ६ + १०, एकोणतीस. अकरा ट्रान्झिस्टर वाचवायला प्रत्येक ट्यूबला पाळीपुरताच वेळ मिळणार, उजेड राखायचा तर करंट चौपट द्यायचा, आणि एक ट्यूब विझून दुसरी पेटण्यात पुरेशी फट ठेवली नाही तर आधीच्या आकड्याचं भूत पुढच्या ट्यूबमध्ये. सहा ट्यूब असत्या तर विचार केला असता. चारसाठी थेटच.

आणि मल्टिप्लेक्स केलंच, तर ॲनोडच्या त्या एनपीएनच्या वाटेत वायू नाही. त्याच्यावर खरोखर पूर्ण १७७ येतात. तिथे ५५५१ नको, एमपीएसए४२. पीएनपी एमपीएसए९२.

रामटेककर
माझा एक जुना प्रश्न सुटेल का इथे? माझ्या घड्याळात आकडे बीसी५४६ वर आहेत, छान विझतात-पेटतात. ट्रान्सफॉर्मर निवडून सप्लाय १८० वर आणलाय. मधले दोन ठिपके टेस्टरच्या निऑनचे, तेही ५४६ वरच. ते विझतच नाहीत, नुसते मंद होतात. ट्रान्झिस्टर बदलून पाहिले.

धंतोलीची_ऋतुजा
मी प्रयत्न करू का? कॅथोड_फॉलोअर यांच्या हिशोबाने, टेस्टरचा निऑन साठ व्होल्टच्या आसपास तग धरतो. १८० वजा साठ, स्विचवर १२०. निक्सी स्वतः १२० खाते म्हणून तिच्या स्विचला साठच पुरतात. छोटा निऑन कमी खातो, म्हणून त्याच्या स्विचवर जास्त येतात. ५४६ तिथे पासष्टच्या पुढे कधीतरी गळत असणार. तेवढ्या दोन जागी ५५५१ लावून पाहा.

कॅथोड_फॉलोअर
शंभर टक्के बरोबर.

रामटेककर
लावले. विझले! लहान दिव्याला मोठा स्विच लागेल हे डोक्यातच येत नव्हतं. ऋतुजाताई, मनापासून आभार.

इतवारीची_गौरी
उशिरा येतेय, पण नागपूरकरांनी हे वाचाच. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवा, मगच १७७ व्होल्ट द्या. माझ्या घड्याळात दर मे महिन्यात ७ च्या मागे पुसटसा ३ दिसायचा. पावसाळ्यात समजलं असतं, पण मे महिन्यात? घड्याळ कूलरच्या झोतात होतं. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा बोर्डावरच्या फ्लक्सवर बसायची, दोन पायांमधल्या पिवळसर थरावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं, आणि तिथून करंट सरकायचा. जुन्या टूथब्रशने धुतलं, वरून पीसीबीचं लॅकर मारलं. पुसट आकडा गेला तो गेलाच. उच्च व्होल्टेजच्या रेघा शक्य तिथे एक भोक रिकामं सोडून टाका.

टीव्हीवाले_काका
गौरीताई, टीव्हीच्या फ्लायबॅकपाशी (उच्च व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) आम्ही हेच बघायचो. लाख मोलाचं सांगितलंत.

धंतोलीची_ऋतुजा
सगळ्यांचे आभार. बर्डीला जाऊन आले. २एन५५५१, ७४एचसी५९५ (आठ आउटपुटचं शिफ्ट रजिस्टर), एमसी३४०६३, आयआरएफ७४०, यूएफ४००७ सगळं दोन दुकानांत मिळालं. मिळून सगळं एका ट्यूबच्या किमतीपेक्षा कमी. ४.७ चा कंडेन्सर नवीनच घेतला. चार ५९५ म्हणजे ३२ लाइन, २९ आकडे, ठिपक्यांना एक, दोन शिल्लक.

प्राची_एम्बेडेड
ऋतुजा, एक थांब. तासाच्या दशकाला तीनच आकडे जोडणार आहेस. बाकीचे सात वर्षानुवर्षं पेटणार नाहीत आणि पेटणाऱ्या तारांवरून उडणारा धातू त्यांच्यावर बसत राहील. पुढे कधी ती ट्यूब मिनिटाच्या जागी लावलीस, तर ७ अर्धाच उजळेल. उपाय एकच, रोज पहाटे थोडा वेळ सगळे आकडे फिरवायचे. पण जोडलेलेच नसतील तर फिरवणार काय?

धंतोलीची_ऋतुजा
बरोबर. एक ट्यूब गेली तर नवीन आणणं परवडणार नाही, म्हणजे चारही अदलाबदल करता आल्या पाहिजेत. मग चाळीसच्या चाळीस जोडते. पाच ५९५, पाच गुणिले आठ बरोबर चाळीस, एकही लाइन वाया नाही. ठिपक्यांचा ५५५१ थेट नॅनोच्या पिनवर. पहाटे तीनला दहा मिनिटं सगळे आकडे फिरतील, बाकी रात्री घड्याळ बंद.

@वऱ्हाडी_ओम, अकरा ट्रान्झिस्टर आणि एक ५९५ अजून आणायचेत. शनिवारी बर्डीला येतोस का? तुझ्यासाठी पण एक एमसी३४०६३ घेऊ.

वऱ्हाडी_ओम
येतो न ताई. टेस्टरचा निऑन पेटवलाय कालच, नऊ व्होल्टच्या बॅटरी जोडून जोडून. दहा लावल्या तेव्हा पेटला, मग सहावर आणेपर्यंत विझला नाही.